पहिली ऑरगॅनिक रेड वाइन घेताय?
ऑरगॅनिकच हवी असेल तर इटलीतल्या तोस्कानाची कियांती क्लासिको घ्या, तीही शक्यतो तिथल्या पान्झानो गावच्या डोंगरउतारावरची. तिथले बरेच मळे सेंद्रिय आहेत. बाटलीवर काळा कोंबडा (कियांती क्लासिकोची खूण) आणि हिरवं पान (युरोपची सेंद्रिय खूण), दोन्ही बघा. नुसत्या कोंबड्यावर जाऊ नका, तो सेंद्रियपणाची खूण नाही. सल्फाइट (वाइन टिकवायला घालतात ते) मात्र यातही असतं: युरोपात कोरड्या सेंद्रिय रेडला लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा, साधीला १५०. त्यामुळे 'हिच्यात सल्फाइट नाही, म्हणून डोकं दुखत नाही' हे दुकानदाराचं बोलणं मनावर घेऊ नका. हिच्यातलं सांजोवेझे द्राक्ष (किमान ८० टक्के) मुळातच आंबटसर आणि तुरट. नुसती प्यायलात तर तोंड वाकडं होईल. सोबत मटण हवंच. आणि आपल्या उन्हाळ्यात 'रेड रूम टेंपरेचरलाच प्यावी' हे विसरा, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मगच उघडा.