वाचक विचारतात : होडीच्या कमानी आणि तापवलेला पाइप

प्रश्न : होडीवर ताडपत्रीचं छप्पर घालायला १ इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपच्या कमानी करतो आहे. गॅस टॉर्चने तापवून वाकवला की पाइप वळणावर चपटा होतो. पुळणीवरची वाळू भरून पाहिली, तर बूच फटकन उडालं. टॉर्च धरणाऱ्याला रात्री थंडी वाजून ताप भरला. कुठे चुकतंय?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : आधी तापाचं. तो जस्ताच्या धुराचा. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि ज्योत त्याहून कितीतरी तप्त असते. असा ताप काही तासांनी चढतो, बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. धाप लागली तर मात्र लगेच डॉक्टर गाठा. दूध प्यायल्याने तो टळत नाही. बाहेरचं जस्त घासून काढलं तरी आतलं राहतंच. शिवाय जस्त जळालेल्या जागी खारी हवा पहिला गंज धरते. म्हणून जीआय तापवूच नका. काळा, म्हणजे बिनमुलाम्याचा पाइप आणा, वाकवा आणि मग गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे जस्ताच्या मुलाम्याला द्या. देताना दोन्ही तोंडं उघडी हवीत; बंद पाइप वितळलेल्या जस्तात फुटतो.

बूच उडालं ते ओलीमुळे. पुळणीच्या वाळूतलं मीठ हवेतलं पाणी ओढतं, तापल्यावर त्याची वाफ होते. नदीची बारीक वाळू चाळून कढईत भाजा. वर थंड ताटली धरा. तिला दव आलं तर वाळू अजून ओली आहे. मीटरभर पाइपला अर्ध्या लिटरहून थोडी जास्त लागते. पाइप उभा धरून लाकडी हातोडीने ठोकत भरा, पातळी खाली जायची थांबेपर्यंत. इथे घाई केली की चपटेपणा आलाच. मग घट्ट लाकडी बुचं मारा, एकाला बारीक भोक ठेवा आणि त्याच्यासमोर कुणी उभं राहू नका.

वळणाची त्रिज्या पाइपच्या बाहेरच्या व्यासाच्या चौपट तरी हवी. १ इंची पाइप बाहेरून सुमारे ३४ मिमी, म्हणजे १५० मिमी सोयीची. काटकोनासाठी १५० × १.५७, साधारण २३५ मिमी एवढाच भाग खडूने आखून सगळीकडून सारखा लाल करा. पाइपची शिवण, म्हणजे लांबीभरचा जोड, वळणाच्या बाहेरच्या किंवा आतल्या अंगाला नको, बाजूला ठेवा. फर्म्याभोवती सावकाश ओढा. एखादी जागा पुरेशी वळली की तिथे ओलं फडकं लावा, बाकीचं वळत राहील. लाली गेली की थांबा, पुन्हा तापवा. निळसर झालेलं लोखंड ठिसूळ असतं, तेव्हा जोर केला तर चिरतं.

प्रश्न : इंजिनाची तांब्याची डिझेल नळी वाकवताना चिरते. तीही लाल असतानाच वाकवायची का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : नाही. नळी सोडवून, आतलं डिझेल पूर्ण धुऊन, सुकवून मगच मंद लाल करा आणि पाण्यात बुडवा. पोलादासारखं तांबं त्याने कडक होत नाही, मऊच राहतं. मग गारच वाकवा. इंजिनाच्या थरथरीने ते पुन्हा कडक होतं, म्हणून जोडापाशी नळीचं एक वेटोळं ठेवा.