लेझर कटरवर फ्रेम बरोबर दिसते, तरी कोरीवकाम सरकते. माल अचूक कसा बसवावा?

डिचोलीहून आपण विचारले आहे की, घरगुती डायोड लेझरवर १५० बाय ६० मिलिमीटरच्या लाकडी नावपाट्या कोरताना कोरण्याआधी कामाची हद्द दाखवणारी फेरी, म्हणजे फ्रेम, घेताना लाल ठिपका पाटीच्या कडेने नीट फिरतो, पण मजकूर प्रत्यक्षात तीन-चार मिलिमीटर बाजूला उमटतो आणि हा फरक दर पाटीला वेगळा असतो. मी फोंड्याला अशाच यंत्रावर नावपाट्या कोरतो आणि चतुर्थीच्या मखरांची नक्षी कापतो. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, माल कुठे ठेवायचा हे फ्रेम बघून ठरवू नये. माल आधी ठरलेल्या जागी पक्का बसवावा आणि फ्रेम फिरवून फक्त खात्री करून घ्यावी.

त्याआधी दोष यंत्रात आहे की मांडणीत, हे पाहून घ्यावे. बेडवर पुठ्ठा चिकटवून त्यावर २०० मिलिमीटरचा चौरस हलक्या पॉवरवर कोरावा आणि काहीही न हलवता तेच काम पुन्हा चालवावे. दुसरी रेघ पहिलीवर तंतोतंत बसली नाही, तर बेल्ट सैल आहे किंवा मोटरच्या पुलीचा बारीक स्क्रू ढिला आहे, आणि तो आवळल्याशिवाय पुढचे सगळे व्यर्थ आहे. रेघा जुळल्या तर दोन्ही कर्ण मोजावेत. ते एकसारखे, म्हणजे सुमारे २८२.८ मिलिमीटर, भरले पाहिजेत. दोन कर्णांत फरक असेल तर यंत्राची चौकट काटकोनात नाही, आणि अशा यंत्रावर पाटीचा एक कोपरा जुळवला की दुसरा सुटतो.

आपल्या वर्णनावरून माझा पहिला संशय लाल ठिपक्यावर आहे. बहुतेक घरगुती यंत्रांत तो हेडच्या, म्हणजे लेझर बसवलेल्या सरकत्या भागाच्या, बाजूला तिरका बसवलेला असतो, त्यामुळे तो मुख्य किरणाशी एकाच उंचीवर जुळतो. ठिपका ४५ अंशांत तिरका असेल, तर पाटी जितकी जाड किंवा फुगीर तितकाच तो बाजूला सरकतो; पाटी दोन मिलिमीटर उंच असली की ठिपका दोन मिलिमीटर चुकीचे दाखवतो. दर पाटीला फरक वेगळा का पडतो, याचा उलगडा इथेच होतो. लाइटबर्न या लेझर चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ठिपक्याचे अंतर भरून काढण्याची सोय आहे, पण ते अंतरही एकाच उंचीला लागू पडते. डायोड यंत्रावर तर लाल ठिपक्याची गरजच नाही. डिव्हाइस सेटिंग्जमध्ये फायर बटण चालू करावे, त्याची पॉवर साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी ठेवावी आणि शिफ्ट दाबून फ्रेम बटण दाबावे, म्हणजे खरा किरणच मंद उजेडात फ्रेम दाखवतो. त्या वेळीही ४५० नॅनोमीटरच्या किरणासाठीचा चष्मा डोळ्यांवर हवाच. नक्षी गोल किंवा वेडीवाकडी असेल तर चौकोनी फ्रेमऐवजी रबरबँड फ्रेम वापरावी. ती आकाराच्या बाहेरच्या कडेला लपेटून फिरते.

दुसरा मुद्दा शून्याचा. लिमिट स्विच, म्हणजे हेड कडेला पोचल्याचे यंत्राला कळवणारी बटणे, नसलेले यंत्र जिथे चालू होते तीच जागा शून्य, म्हणजे मोजमापाची सुरुवात, मानते. शिवाय यंत्राच्या मोटरी चालवणाऱ्या जीआरबीएल या आतल्या प्रणालीच्या मूळ सेटिंगप्रमाणे हालचाल थांबली की मोटरची पकड क्षणार्धात सुटते, त्यामुळे पाटी बदलताना हेडला कोपर लागले तरी यंत्राला ते कळत नाही. तिच्यातल्या $१ या सेटिंगचे मूल्य २५५ ठेवले की पकड कायम राहते. स्विच असतील तर दर वेळी होमिंग करून, म्हणजे हेड स्विचपर्यंत नेऊन शून्य ठरवून, ‘अ‍ॅब्सोल्यूट कोऑर्ड्स’ वर, म्हणजे त्या शून्यापासून मोजलेल्या जागेवर, काम करावे. वीज जाऊन आली तरी होमिंग केल्यावर जागा परत सापडते.

आता मुख्य उपाय, तो म्हणजे साचा. तीन मिलिमीटरचे प्लायवूड बेडला स्क्रूने किंवा क्लॅम्पने पक्के करावे आणि त्यात याच यंत्राने पाटीच्या मापाची खाच आरपार कापावी. किरण स्वतः साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर लाकूड खातो, त्यामुळे रेघ नेमक्या मापाची ठेवली तरी खाच तेवढीच मोठी होते आणि पाटी अलगद बसते. बाजारातल्या पाट्यांची मापे थोडी मागेपुढे असतातच, म्हणून प्रत्येक पाटी नेहमी एकाच कोपऱ्याकडे सारून बसवावी. लाइटबर्नमध्ये खाचेचा आयत वेगळ्या थरात ठेवून त्याचे आउटपुट बंद करावे आणि मजकूर त्या आयताच्या मध्यभागी जुळवावा. यानंतर पाट्या बदलत जाव्या; पहिल्या पाटीनंतर फ्रेम पाहण्याचीही फारशी गरज उरत नाही. खाच यंत्रानेच कापलेली असल्याने चौकटीत किंचित तिरपेपणा असला, तरी खाच आणि मजकूर दोन्ही सारखेच तिरपे येतात.

आपल्याकडे पावसाळ्यात प्लायवूड दमट होऊन धनुष्यासारखे वाकते, आणि मखरांची कामे नेमकी तेव्हाच येतात. वाकलेला माल साच्यात बसला तरी मधला भाग फोकसच्या बाहेर जातो व रेघ जाड उमटते, म्हणून मोठ्या तुकड्यावर फोकस मध्यभागी आणि कडेला असा दोन्हीकडे तपासावा, कडा पिनांनी किंवा लोहचुंबकांनी दाबून धराव्यात, आणि हेड त्यांच्यावर आपटत नाही ना हे फ्रेम सावकाश फिरवून पाहावे.