वाचकांचे प्रश्न : स्टँप, शिक्का आणि तिकीट

प्रश्न : चुलत्यांकडून घेतलेल्या जमिनीचा व्यवहार आम्ही शंभराच्या बाँडवर लिहून घेतला, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि नोटरीचा शिक्काही मारून घेतला. आता तलाठी म्हणतात की, एवढ्यावर सातबाऱ्याला नाव लागणार नाही. सरकारी स्टँप असूनही व्यवहार कच्चा कसा? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : तलाठ्यांचे म्हणणे बरोबर आहे. ज्याला बोलताना सगळेच ‘बाँड’ म्हणतात, तो मुद्रांक कागद म्हणजे शासनाला शुल्क भरल्याची खूण असते. त्यावरचा मजकूर खरा की खोटा, कायदेशीर की बेकायदेशीर, याची शासनाने कोणतीही हमी घेतलेली नसते. आपल्याकडील कागद उलटून पाहावा. मागे मुद्रांक विक्रेत्याने नोंदवहीचा अनुक्रमांक, विक्रीची तारीख, घेणाऱ्याचे नाव आणि कारण लिहून सही केलेली दिसेल. ती कागदाच्या विक्रीची नोंद आहे, जमिनीच्या विक्रीची नव्हे. नोटरीचा गोल शिक्काही फार तर एवढेच सांगतो की, सही करणारा माणूस समोर आला आणि त्याने सही केली.

मालकी बदलते ती तिसऱ्याच गोष्टीने, म्हणजे दुय्यम निबंधकाकडील नोंदणीने. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 नुसार शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या जमिनीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते आणि आज शंभर रुपयांत जमीन कुठेच मिळत नसल्यामुळे या नियमातून कोणी सुटत नाही. शिवाय खरेदीखतावरचे मुद्रांक शुल्क जमिनीच्या बाजारमूल्यावर टक्केवारीने आकारले जाते, त्यामुळे शंभराचा कागद त्यासाठी मुळातच अपुरा आहे. असा दस्त महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 34 मुळे, राहिलेले शुल्क आणि त्यावर दरमहा 2 टक्के दराने दंड भरल्याखेरीज न्यायालयात पुरावा म्हणून दाखल होत नाही. मात्र हा दंड कमी पडलेल्या रकमेच्या चौपटीपलीकडे जात नाही. चुलत्यांची तयारी असेल, तर वकिलाच्या सल्ल्याने रीतसर खरेदीखत करून ते नोंदवून घ्यावे, आणि ते आजच्या गोडीगुलाबीत करावे. वारसांची संख्या वाढली की सह्या मिळवणे अवघड होत जाते.

घरभाड्याच्या बाबतीतही हाच गैरसमज सर्रास आढळतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. ‘पाचशेच्या बाँडवर नोटरी केली आहे’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. (शंभर आणि दोनशेच्या कागदावर होणाऱ्या बहुतेक किरकोळ दस्तांचे शुल्क ऑक्टोबर 2024 पासून पाचशे झाले आहे.) तसेच ट्रंकेत जपून ठेवलेल्या कोऱ्या मुद्रांकावर कोणी विसंबू नये, कारण आपल्या राज्यात खरेदीपासून सहा महिन्यांत न वापरलेला मुद्रांक बाद ठरतो.

प्रश्न : माहिती अधिकाराच्या अर्जावर मी दहा रुपयांचे टपाल तिकीट लावले, तर अर्ज परत आला. तिकीट ते तिकीटच ना? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : नाही. टपाल तिकीट हे पत्र पोहोचवण्याचे भाडे आहे. अर्जाच्या शुल्कासाठी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, किंवा रोख रक्कम भरता येते. पावतीवर लावायचा एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टँप याहून निराळा. पाच हजारांवरील रकमेच्या पावतीला तो लागतो. तो नुसता चिकटवून भागत नाही. सही अर्धी स्टँपवर आणि अर्धी कागदावर येईल अशी करावी, म्हणजे तो सोलून दुसरीकडे लावता येत नाही. टपालात तिकिटावर काळा शिक्का मारतात, तोही याच कारणाने.

प्रश्न : ‘शिक्कामोर्तब’ या शब्दातील मोर्तब म्हणजे काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मोर्तब हाही शिक्काच, पण शेवटचा. शिवकालीन पत्र पाहिले तर वरच्या बाजूला ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ने सुरू होणारी महाराजांची मुद्रा दिसते आणि मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ असा लहान शिक्का दिसतो. ही इथली मर्यादा, असा त्याचा अर्थ. पेशवाईतील कागदांवर याच जागी ‘लेखनसीमा’ आढळते. पत्र कोणाचे हे वरची मुद्रा सांगे, तर ते कुठे संपले हे मोर्तब सांगे, म्हणजे पुढे कोणाला एखादी ओळ घुसडता येऊ नये. दोन्ही उमटले की आज्ञा पक्की. आज वर्तमानपत्रे ‘बैठकीत नावावर शिक्कामोर्तब’ असे लिहितात, तेव्हा प्रत्यक्ष शिक्का कुठेच नसतो, तरी अर्थ शाबूत आहे. मतपत्रिकेच्या काळात मात्र ‘ताई, माई, अक्का, विचार करा पक्का’ म्हणत प्रचार करणारे मागायचे तो शिक्का खरोखरच शाईचा होता.

प्रश्न : मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र पाचशेच्या स्टँपवर करावे लागेल का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : नाही. शासकीय कार्यालयात द्यायच्या अशा प्रतिज्ञापत्रांचे मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर करावे, आणि कोणी बाँड मागितलाच, तर शुल्कमाफीचा आदेश दाखवण्याची विनंती करावी.