मशेरी सोडली की अंग ठणकतं, ते का?

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बऱ्याच बायका येतात आणि विचारताना उगाच ओशाळतात, म्हणून एकीचं सांगते (त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय).

कोपरखैरणेच्या एक मावशी, मूळ साताऱ्याकडच्या, मिस्टर माथाडी, एपीएमसीत गोणी उचलून आता घरी बसलेत. मावशींची मशेरी लग्नाआधीपासूनची, स्वतः तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायच्या, घरभर ठसका, त्यात नातवाला खोकला लागला म्हणून सुनेनं विषय काढला आणि मावशींनी खरंच डबी वर ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी गुडघे, कंबर, डोकं सगळं एकदम सुरू, वर कारण नसताना रडू. शेवटी चिमूटभर हिरडीला लावली आणि थोड्या वेळात बरं वाटलं. मला म्हणाल्या, "ताई, सोडली की दुखतंय, लावली की थांबतंय, मग औषधच की ते माझं!"

मी त्यांना खोटं नाही पाडलं, कारण आराम खराच पडला होता.

आपलं शरीर स्वतःची पेनकिलर तयार करतं, एंडॉर्फिन, एन्केफेलिन वगैरे, आणि मॉर्फिन, म्हणजे अफूपासूनचं दुखणं थांबवणारं औषध, मेंदूतल्या ज्या कुलपात (रिसेप्टरमध्ये) किल्लीसारखं बसतं त्यातच ही पण बसतात. तंबाखूतलं निकोटिन त्या कुलपात जात नाही, त्याचं कुलूप वेगळं, पण ते उघडलं की डोपामिन, म्हणजे मेंदूला 'परत हवं' वाटायला लावणारं रसायन, त्यासोबत ही आतली पेनकिलर पण सुटतात. वर्षानुवर्षं दिवसातून पाच-सहा वेळा हे झालं की मेंदू त्या हिशोबानं बसतो, आणि एक दिवस मशेरी बंद केली की साधी कळसुद्धा जास्त जाणवते. ज्या उंदरांमध्ये ते मॉर्फिनचं कुलूपच नाही त्यांना निकोटिनची गोडी लागत नाही असं प्रयोगात दिसलंय, आणि निकोटिनची सवय लागलेल्या उंदरांना नॅलोक्झोन, म्हणजे अफूचा असर उतरवणारं औषध, दिलं तर निकोटिन चालू असूनही सोडल्यासारखा त्रास होतो.

मावशींना एवढंच म्हटलं, सावकाराकडूनच पैसे घेऊन त्याचंच व्याज भरताय तुम्ही. लगेच कळलं त्यांना.

सून घाबरली, "मॅडम, म्हणजे आई अफूच खातायत का?" तसं नाही गं. आणि अफूवरची नाल्ट्रेक्सोनची गोळी देऊन तंबाखू सुटेल असं वाटत असेल तर ते करून बघितलंय लोकांनी, सोडायला काही खास मदत झाली नाही, त्यामुळे मेडिकलमधून आणून कोणी असले प्रयोग करू नका प्लीज.

त्रास पहिल्या २-३ दिवसांत सगळ्यात जास्त असतो, मग २ ते ४ आठवड्यांत उतरत जातो, आणि मावशींनी नेमकी तिसऱ्याच दिवशी हार मानली होती, अजून थोडी कळ काढली असती तर, असं मला फार वाटलं! दुसऱ्यांदा डॉक्टरांना विचारून २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम घेतलं, थोडं चावून गालात धरून ठेवायचं, आणि सुनेनं १८००-११-२३५६ हा सरकारी तंबाखूमुक्ती नंबर फ्रिजवर चिकटवला. डेंटिस्टला तोंड पण दाखवून घेतलं, मशेरीवाल्यांनी ते टाळूच नये.

पाचव्या आठवड्यात आल्या तेव्हा डोकं, कंबर शांत होती, रडूही थांबलेलं. उजवा गुडघा मात्र तसाच. तो मशेरीचा नव्हता, त्याच्यासाठी हाडांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी लिहून दिली.