डॉक्टरांना विचारा : एवढ्या कोवळ्या वयात?

प्रश्न : माझा पुतण्या १६ वर्षांचा, कबड्डी खेळणारा. गुडघ्याजवळ हाडाचा कॅन्सर (ऑस्टिओसार्कोमा) निघाला. घरात कुणाला व्यसन नाही, कुणाला हा आजार नाही. मग त्यालाच कसा? खेळताना मार लागला म्हणून का?
– एक काकू, सांगोला

उत्तर : ताई, मार लागल्याने हा होत नाही, मार लागल्यावर तिकडे लक्ष जातं, इतकंच. उंची झपाझप वाढते त्याच वयात हा दिसतो, आणि बहुतेकदा गुडघ्यापाशी, कारण मांडीचं नि नडगीचं हाड तिथेच सर्वांत जास्त वाढतं. व्यसनाचा इथे काडीचाही संबंध नाही.

विशीच्या आत-बाहेर रक्ताचा, लसिकाग्रंथींचा, हाडाचा, मुलग्यांत वृषणाचा कॅन्सर आढळतो. तिशीकडे स्तन, थायरॉइड, गर्भाशयमुख. आपल्याकडे त्यात तोंडाचाही, तो मात्र बहुतेकदा गुटखा-तंबाखूमुळे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे म्हणे!

आता कामाचं. आधी केमो, मग ऑपरेशन, पुन्हा केमो असा क्रम सहसा असतो, आणि आज बऱ्याच जणांचा पाय वाचवता येतो. दुखऱ्या जागी मालिश, शेक, लेप काही नको. ते हाड ठिसूळ झालेलं असतं, धक्क्याने मोडू शकतं. त्याची कबड्डी सध्या बंद.

आणखी एक, केमो सुरू होण्यापूर्वीच वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. या औषधांनी पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. त्याच्या आईबाबांना हे सुचणार नाही, सुचलं तरी जीभ रेटणार नाही. तुम्हीच विषय काढा.