‘हातचा मळ’ याला पर्यायी शब्द कोणता? निरोपाच्या भाषणात तो चालेल का?

तुम्ही लिहिलंय की सहकाऱ्याच्या निरोपाच्या भाषणात ‘वर्षअखेरचे हिशेब जुळवणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ’ असं वाक्य आहे, आणि साहेब म्हणतात ‘मळ’ बरा दिसत नाही, ‘सुलभ’ घाला. घालू नका.

या ‘सुलभ’शी माझं जुनं भांडण आहे. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेला मराठी नाटक होतं. घरात कोंकणी आणि रंगमंचावर मराठी, हे गोव्यात कुणाला सांगावं लागत नाही. मी विंगेत उभा राहून प्रॉम्प्टिंग करायचो. आमच्यात स्त्रीपार्ट करणारे एक काका होते. दोन प्रवेशांच्या मधल्या वेळात, आरसा नाही, धड उजेड नाही, ओठांत टाचण्या धरून ते नऊवारी नेसायचे. निऱ्या बोटांनीच मोजायच्या, काष्टा खोचता खोचता भुवई उडवून मला पुढचं वाक्य विचारायचं, आणि पडदा वर जायच्या आत शेवटची टाचणी पदराला लागलेली.

त्यांच्या सत्काराचं मानपत्र मी लिहिलं. त्यात ‘नऊवारी नेसून उभं राहणं हा त्यांच्या हातचा मळ’ असं होतं. समितीवर आमचे भावोजी, निवृत्त हेडमास्तर. म्हणाले, “मानपत्रात मळ? देवळात वाचायचंय रे ते!” छापून आलं ते असं: ‘स्त्रीभूमिका त्यांना सुलभ होत्या.’ काकांनी ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, “म्हणजे कोणालाही जमलं असतं, असंच ना?”

आता मुद्द्याचं. ‘सुलभ’मधला ‘लभ’ म्हणजे मिळणं. मिळायला सोपं ते सुलभ, करायला सोपं ते सुकर, समजायला सोपं ते सुबोध. तिन्ही शब्द कामाबद्दल बोलतात, माणसाचं कसब त्यांत येतच नाही. ‘हातचा मळ’मध्ये काम अवघडच असतं, फक्त या माणसाला ते जड जात नाही. म्हणून तर तो नेहमी कोणाच्या तरी हातचा असावा लागतो. ‘हे गणित हातचा मळ आहे’ असं नुसतं म्हटलं तर कानाला खटकतं. हे सगळं मी भावोजींना तेव्हा सांगितलं, पुढे चवथीला जेवताना परत सांगितलं. त्यांचं एकच पालुपद, शब्द स्वच्छ हवा. अहो, हात चोळले की निघतो तो मळ, एवढाच त्यातला अर्थ. गटाराचा संबंध आला कुठून?

बाकी पर्याय म्हणाल तर ‘लीलया’ बरा, थोडा नटवा आहे. ‘चुटकीसरशी’ने वेग कळतो, हातोटी कळत नाही. ‘अनायासे’ मुळीच नको, न झटता पदरात पडल्यासारखं वाटतं. ‘पोरखेळ’ म्हणजे उघड अपमान. माझं विचाराल तर वाक्प्रचारच टाका आणि त्यांनी काय केलं ते लिहा: चुकलेला आकडा कुठल्या पानावर सापडेल ते चहा पिता पिता सांगायचे, असं काहीतरी. त्यावर कुठले साहेब काय बोलणार?

अर्थात परिपत्रकात, माहितीपत्रकात ‘सुलभ’ आपल्या जागी बरोबर आहे. ‘सुलभ हप्ते’ला माझी हरकत नाही. आणि तुमचा गोपनीय अहवाल त्याच साहेबांच्या हातात असेल, तर मुकाट्यानं ‘लीलया’ लिहून मोकळे व्हा. आमच्या भावोजींच्या हातात माझं तसलं काही नव्हतं, म्हणून मी भांडलो. मानपत्र नव्याने छापायचा खर्च मी देतो म्हटलं, तरी ऐकले नाहीत.