बांडगूळ, शिंजीर आणि फुलटोच्या

प्रश्न (अंबाजोगाई): आमच्या केशर आंब्यावर बांडगूळ माजलंय. तिथंच एक बोटाएवढा पक्षी दिवसभर चिक्‌-चिक्‌ करत असतो. बी तोच आणतो म्हणतात. हाकलू का?

उत्तर: आणतो तोच. नाव फुलटोच्या, मळकट रंग, फिकट चोच, लांबी जेमतेम ८ सेंटिमीटर. बांडगुळाचं पिकलं फळ गिळलं की गर पचतो आणि काही मिनिटांत बी बाहेर येतं. पण चिकाच्या तारेनं बुडाशीच लोंबत राहतं. मग हे महाशय फांदीवर बूड घासतात. बी तिथं चिकटतं आणि मातीचा कण न लागता सालीत मूळ घालतं.

हाकलून काही होणार नाही, फळं आहेत तोवर दुसरा येईल. फळं धरायच्या आत बांडगुळाच्या गाठीपासून वीतभर तरी मागून फांदीच कापा. नुसता पाला ओरबाडला तर ते परत फुटतं.

प्रश्न (परभणी): बांडगुळाला हिरवी पानं असतात, मग ते परजीवी कसं?

उत्तर: अर्धंच परजीवी. अन्न स्वतःच्या पानांत तयार करतं. पाणी आणि क्षार मात्र झाडाचे ओढतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आंब्याला तेच जड जातं.

प्रश्न (जालना): हे पक्षी बांडगुळाच्या न उमललेल्या कळ्यांना चोच का मारतात?

उत्तर: बरं टिपलंत! तयार कळी चोचीत दाबली की फटकन उघडते आणि पराग पक्ष्याच्या कपाळावर उडतात. मध पिऊन तो पुढच्या फुलाकडे जातो, पराग सोबत जातात. शिंजीर (फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी) आणि फुलटोच्या मिळून बांडगूळ कसं पसरवतात, यावर पक्षितज्ज्ञ सालीम अलींनी कोकणातल्या निरीक्षणांवरून १९३१ साली लिहिलं आहे.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर, विद्यार्थिनी): प्रकल्पात शिंजीर आणि बांडगूळ यांची तुलना करायची आहे. काय लिहू?

उत्तर: ‘एक उडतो, दुसरं जागचं हलत नाही’ यावर थांबू नकोस. शिंजिरात नर-मादी वेगळे. बांडगुळाच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही. नर विणीच्या दिवसांत जांभळा चमकतो नि गातो, ते मादीसाठी. हंगाम सरला की रंग उतरतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते. फुलाचा भडक नारिंगी रंग मात्र पक्ष्यासाठी. पिलांचं बघ: शिंजिराची मादी कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेल्या लोंबत्या घरट्यात एकटीच अंडी उबवते, बांडगूळ बी फुलटोच्याच्या पोटात देऊन मोकळं.

प्रश्न (केज): मग बांडगूळ दिसेल तिथं तोडावं?

उत्तर: आमराईत आणि तिच्या आसपास, हो. लांबच्या माळावर कडुनिंबावर एखादं असेल तर असू द्या. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या त्याचीच पानं खाऊन वाढतात.